पाणी उभं असताना

करंजखारच्या रखमाला हाक मारायची तर तीनदा मारावी लागते. ती बहिरी नाही. चुलीपुढे बसून, मागच्या वाडीत नारळ पडला तर कुठल्या माडाचा ते ती सांगते. पण नावाने हाक आली की पहिल्यांदा गप्प, दुसऱ्यांदा गप्प, आणि तिसऱ्यांदा मात्र लगेच "ओ". तिचा मुलगा सिद्धेश पनवेलला एसी दुरुस्तीचं काम करतो. त्याने घेऊन दिलेला मोबाइलसुद्धा ती तिसऱ्यांदा लावल्याशिवाय उचलत नाही.

"आये, रिचार्ज माझा आणि भाव तुझा," तो चिडवतो.

"घाई असंल तर येऊन बोलावं," ती म्हणते.

करंजखारची भातशेती खाडीकडून मागून घेतलेली आहे. शेत आणि खाडी यांच्यामध्ये मातीचा बांध. बांधाच्या पोटात उघाडी, म्हणजे फळ्यांचं दार. पावसाचं गोडं पाणी तिथून बाहेर सोडायचं आणि खारं आत घ्यायचं नाही. पुनवेला आणि अवसेला भर दुपारी भरती पुरी होते. ओहोटी लागायच्या आधी थोडा वेळ पाणी कुठेच जात नाही, बांधाला ओठ लावून थांबतं. गावात त्याला पाणी उभं राहणं म्हणतात. तेवढ्या वेळात बांधावर कुणी नावाने हाक मारली तर पहिल्या दोन हाकांना ओ द्यायची नाही. माणूस असेल तर तो तिसऱ्यांदा हाक मारतो.

रखमाचा नवरा बाबाजी याने एकदा पहिल्याच हाकेला ओ दिली होती. तेव्हा सिद्धेश तिच्या पोटात होता. दोघं बांधावरची खेकड्यांची बिळं चिखलाने बुजवत होती. उघाडीकडून कुणीतरी "बाबाजी" म्हणालं. तो हसत "ओ" म्हणाला, हातातला चिखल झटकला आणि बघून येतो म्हणून गेला. बांधाचं वळण घेतलं आणि तो पुन्हा कुणाला दिसला नाही. होड्या फिरल्या, पोलीस आले, आगरदांड्यापर्यंत किनारा पालथा घातला. काही सापडलं नाही. प्रेत नाही म्हणून मृत्यूची नोंद नाही, आणि ती नाही म्हणून जमिनीवर अजून बाबाजीचंच नाव, कूळ म्हणून. पुढे कोर्टात जाऊन तो मेला असं लिहून घेता येतं, हे रखमाला अनेकांनी सांगितलं. ती प्रत्येकाला चहा द्यायची आणि विषय बदलायची. शेत मात्र एकही वर्ष तिने ओसाड ठेवलं नाही. पावसाळ्यात लाल भाताचं पीक, पावसाळा सरला की बांधाची डागडुजी.

या फाल्गुनात दिल्लीहून संसदेची समिती यायची ठरली. बंदराकडे रेल्वे न्यायची होती, रुळांच्या बाजूने सौर पॅनेलं अंथरायची होती, आणि त्यासाठी कुळांच्या जमिनी कशा घेतल्या जातायत हे खासदारांना पाहायचं होतं. पॅनेलं बसवणाऱ्या कंपनीने आपल्या आराखड्यात करंजखारचा अख्खा खार, म्हणजे बांधाआतली सगळी शेतजमीन, 'पडीक' म्हणून रंगवला होता. फाल्गुनात तो तसाच दिसतो, भेगा पडलेला, वर मिठाचा पांढरा पापुद्रा. समिती काही ठरवत नाही, नुसती शिफारस करते. पण तिच्या अहवालात एकदा पडीक छापून आलं की मग कुणी विचारायला येणार नाही, एवढं रखमाला कळत होतं.

शेजारच्या शेताचा दत्ताराम म्हणाला, "वैनी, आपापल्या जमिनीत उभं राह्यचं आणि नाव घेतलं की हजर म्हणायचं. बास."

"नाव कोनाचं घेनार?"

दत्ताराम बांधाच्या दिशेने बघू लागला.

सिद्धेश आदल्या दिवशीच आला होता. त्याचं मत वेगळं होतं. "देऊन टाक ना आये. कंपनी भाडं देईल. या चिखलात काय ठेवलंय तुझं?"

रखमाने त्याच्याकडे इतकं रोखून पाहिलं की तो उठून अंगणात गेला.

समिती सकाळी येणार होती. रस्त्यात सत्कार झाले, बोर्ली पंचतनला चहा झाला, आणि गाड्या बांधाशी लागल्या तेव्हा अवसेची भरती पुरी झालेली होती. वारा पडला होता. माडांची झापं चित्रातल्यासारखी थांबलेली. उन्हाने सगळ्यांच्या सावल्या पायाखाली ओढून घेतलेल्या. गावकरी आपापल्या शेतात उभे होते आणि कुणी कुणाशी बोलत नव्हतं. पाहुण्यांना वाटलं, लोक शिस्तीचे आहेत.

समितीच्या अध्यक्षा उत्तरेकडच्या कुठल्याशा राज्यातल्या, पांढऱ्या साडीतल्या थकलेल्या बाई होत्या. त्या हिंदीत विचारत आणि तहसीलमधल्या मृणाल मॅडम ते मराठीत सांगत. कुळांची नावं वाचायचं कामही त्यांचंच होतं. त्या घाटावरच्या होत्या आणि इथे नवीन होत्या.

पहिलं नाव दत्तारामचं. मृणालने हाक मारली. समोर दहा पावलांवर दत्ताराम उभा, पण हूं नाही की चूं नाही.

"गैरहजर," कंपनीचा माणूस हळूच म्हणाला.

"अहो, हे काय समोर!" मृणाल चिडली. "दत्ताराम!" पुन्हा गप्प. "दत्ताराम, ऐकू येतं का?"

"हजर!" तो ओरडला. "मॅडम, रागवू नका. पानी उभं हाय. प्रत्येकाला तीनदा बोलवावं लागंल."

खासदारांपैकी एक जण हसले. अध्यक्षाबाई हसल्या नाहीत. त्यांनी एकदा पाण्याकडे पाहिलं आणि पदर डोक्यावर घेतला.

पुढची नावं तशीच झाली. मग मृणाल रखमाच्या शेतापुढे आली.

"बाबाजी."

वारसच तो, सिद्धेशने बापाच्या वतीने बोलायला तोंड उघडलं. रखमाने झडप घालून त्याच्या तोंडावर हात दाबला.

"ओ," असं उत्तर आलं.

उघाडीकडून आलं. तरुण, हसऱ्या माणसाचा आवाज, कामातून मान वर केल्यासारखा. मृणालने सहज हजेरी मांडली आणि सिद्धेशकडे पाहिलं. पाहता पाहता तिचा हात थांबला. त्याच्या तोंडावर आईची पाचही बोटं रुतलेली होती.

"तुम्ही बोललात ना?"

सिद्धेशने मान हलवली. नाही. दत्ताराम उघाडीकडे पाठ करून उभा राहिला. तिथे नुसत्या ओल्या फळ्या आणि त्यांना टेकलेलं पाणी होतं.

रखमाला तो आवाज ओळखायला वेळ लागला नाही. ती स्वतः म्हातारी झाली होती, आवाज झाला नव्हता.

कंपनीचा माणूस पुढे आला. "मॅडम, हे बाबाजी कधीच वारलेत. अख्खं गाव सांगेल. इथे कसणारा कुणीच नाही, म्हणून तर आम्ही पडीक धरलंय."

अध्यक्षाबाईंनी काहीतरी विचारलं. मृणालने उघाडीकडे बघतच ते मराठीत सांगितलं. "बाई विचारतायत, तुमचे मालक आहेत की गेले?"

आता सगळे रखमाकडे बघत होते. गेले म्हटलं तर जमीन तिच्या नावावर व्हायची वाट मोकळी होती. पण ते त्याच्या देखत म्हणायचं होतं. आहेत म्हटलं तर पुढे आणा म्हणतील, आणि तो आला तर? तिने सिद्धेशला स्वतःच्या मागे ओढलं.

"मला इचारा," ती म्हणाली. "माझं नाव घेऊन इचारा."

"काय नाव?"

तिने सांगितलं. मृणालला आता रीत कळली होती. तिने रखमा म्हणून हाक मारली आणि थांबली. पुन्हा मारली. मधल्या शांततेत सगळ्यांचेच कान उघाडीकडे लागले होते. मग तिसरी.

"ओ," रखमा म्हणाली. वाकून तिने जमिनीचा पांढरा पापुद्रा नखाने उचकटला. खाली काळी ओल होती आणि ओलीत भाताचे कापलेले बुडखे. "हे मी लावलंय, मी कापलंय. पडीक न्हाय हे."

अध्यक्षाबाई खाली बसल्या, एक बुडखा उपटून हातात घेतला आणि त्याच्या मुळांची ओली माती बोटांनी चोळून पाहिली. मग त्यांनी सांगितलेलं मृणालने लिहून घेतलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं: जमीन कसली जाते, प्रत्यक्ष पाहिली, पडीक हा शब्द आराखड्यातून काढावा. कंपनीचा माणूस रुमालाने मान पुसत राहिला.

"शेवटचं विचारतायत," मृणाल म्हणाली. "एकट्याच कसता?"

पाण्यात कुठेतरी एक बुडबुडा फुटला. ओहोटी लागत होती.

"न्हाय," रखमा म्हणाली. "दोघं."

तसं लिहून घेतलं गेलं. गाड्या धूळ उडवत गेल्या, माणसं पटापट घराकडे वळली. सिद्धेश मान खाली घालून आईच्या मागून चालत होता.

"आये, खोटं कशाला सांगितलंस? मी कुठे कसतो?"

रखमा थांबली नाही.

"तुजं कोन बोललं?"