क्लबातली खुर्ची

कुंभकोणमच्या क्लबात नव्या सभासदांचं स्वागत एक वकील करत. त्यांचं नाव मी मुद्दाम विसरलो आहे. गोरा साहेब दारात दिसला की ते कमरेत वाकत आणि तो बसेपर्यंत सरळ होत नसत. आम्हां देशी लोकांशी हात मिळवताना मात्र बोटांची टोकंच पुढे करत आणि लगेच रुमाल काढत.

मी तेव्हा शाळामास्तर होतो. माझ्याबरोबर दारासुरमचे एक वयस्क विणकर सभासद व्हायला आले होते. वकिलांनी मला हार घातला. विणकरांचा हार त्यांनी टेबलावरच ठेवला आणि तमिळमध्ये म्हणाले, "तुम्ही उभे राहिलात तरी चालेल. खुर्च्या शिकलेल्या लोकांसाठी आहेत."

विणकर शांतपणे म्हणाले, "तुमच्या खांद्यावरचं उपरणं माझ्या मागावर विणलेलं आहे. ते घेऊन तुम्ही खुशाल बसा."

आणि ते निघून गेले. वकील हसले, तिथे बसलेला एक गोरा साहेबही हसला.

त्या वकिलांचा मला आजही तिटकारा येतो. पण त्या संध्याकाळी गळ्यातला हार सावरत मी खुर्चीवर बसलो, आणि पुढे बरीच वर्षं बसत राहिलो.