मार्थाबाई आणि पत्रातली गाळलेली ओळ

मार्थाबाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे एक भांडणच होते. तेही एकतर्फी. ठाण्याच्या मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर म्हणून नुकताच लागलो होतो. कोपरीत दोन खोल्या मिळाल्या होत्या, नवे लग्न, नवी नोकरी, अंगात थोडी मस्ती. एका शनिवारी पांढऱ्या लुगड्यातल्या, हातात वेताची टोपली घेतलेल्या एक बाई औषधांच्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "तुमच्या घरची मूठ आली नाही अजून."

मी ऐटीत सांगितले, "आम्ही मिशनचेच नोकर. आमच्याकडून कसली मूठ?"

"असं होय," बाई म्हणाल्या. "मग तुम्हाला भूकही मिशनच्याच परवानगीनं लागत असेल."

रांगेतले रोगीसुद्धा हसले. संध्याकाळी घरी गेलो तर करुणा, माझी पत्नी, आधीच बाईंना मूठ देऊन मोकळी झाली होती. वर बाईंना चहा पाजला होता, आणि माझ्याबद्दल काय काय सांगून ठेवले होते ते देव जाणे.

ज्यांना आमची रीत ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका तांदूळ धुण्याआधी त्यातली एक मूठ वेगळ्या मडक्यात टाकत, आणि टाकताना प्रार्थना म्हणत. ती मूठ सुवार्तेच्या, म्हणजे धर्मप्रसाराच्या कामाची. मार्थाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्या लवकर विधवा झालेल्या, मूलबाळ नाही. शनिवारी शाळा सुटली की कोपरीपासून बाळकुमपर्यंत पायी फिरून त्या ही मडकी रिकामी करून आणीत. महिन्यातून एकदा कल्याण-डोंबिवलीकडच्या घरांची फेरी. ही सेवा त्यांनी किती वर्षे केली ते त्यांनाही सांगता येत नाही.

पुढे रेशनचे दिवस आले आणि घरोघरी दाणा मोजून शिजू लागला. डोंबिवलीच्या एका घरी बाईंबरोबर करुणा गेली होती. त्या घरच्या बाईने मडके पुढे केले. बाईंनी आत हात घातला, मग चुलीजवळ बसलेल्या तिच्या तीन मुलांकडे पाहिले आणि सगळे तांदूळ तिच्याच डब्यात परत ओतले. ती बिचारी घाबरली. "बाई, देवाचं आहे हो ते!" बाई म्हणाल्या, "देवानंच परत पाठवलंय. पोरांच्या तोंडातलं त्याला नको." दुसऱ्या दिवसापासून धान्याची मूठ बंद झाली आणि शेवग्याच्या शेंगा, काकड्या, अंडी, जे परसात असेल ते टोपलीत येऊ लागले. उपासनेनंतर त्याचा लिलाव होई. घेणारा पुन्हा दान करी, म्हणून एकच भोपळा तीन वेळा विकला जाऊन अखेर पाळकसाहेबांच्या घरी जाई.

याच टोपलीच्या आधारावर, स्वातंत्र्यानंतर लवकरच, आमच्या मंडळ्यांनी आपला स्वतःचा माणूस परदेशी पाठवायचे ठरवले. इतकी वर्षे गोरे साहेब आपल्याकडे आले, आता आपणही कोणाकडे तरी जाऊ, अशी ती उमेद होती. पूर्व आफ्रिकेत आतल्या भागात मिशनचे एक ठाणे ओस पडले होते. औषध देणारा आणि वचन सांगणारा, दोन्ही एकाच पगारात हवा होता. निवड माझी झाली. निरोपाच्या सभेत भाषणे झाली, हार झाले. सगळे आटोपल्यावर बाई करुणाला बाजूला घेऊन म्हणाल्या, "हे बघ, पहिलटकरीण माहेरी येते. माझं घर ते तुझं माहेर. लाजायचं नाही, नुसतं कळवायचं." करुणा अनाथाश्रमात वाढलेली. माहेर हा शब्द तिच्या वाट्याला पहिल्यांदाच आला होता. बोटीवर तिने तो मला दोन-तीनदा ऐकवला.

आता जे लिहायचे ते बाईंच्या साठीच्या या गौरवग्रंथात शोभणार नाही. पण त्याखेरीज बाईंचा गौरव होत नाही, म्हणून लिहितो.

आफ्रिकेहून माझे पत्र येई, ते महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर मोठ्याने वाचले जाई. वाचायचा मान अब्राहामरावांचा, ते मंडळीचे 'वडील', म्हणजे कारभारी पंच. त्यांचा आवाज भरदार, आणि मनाने माणूस प्रामाणिक. पत्रात नवी माणसे प्रार्थनेला आली असे असले की त्या रविवारी टोपली भरून वाहे. हे मला तिकडे बसूनही कळत होते. चौथ्या की पाचव्या पत्रात मी लिहिले, की ताप हटत नाही, लोक औषध घेतात आणि वचन सुरू झाले की उठून जातात, चार महिन्यांत एकही मनुष्य वळला नाही. त्यावर अब्राहामरावांचे प्रेमळ उत्तर आले: "अशा मजकुराने मंडळीचा उत्साह मावळतो. तरी कृपा करून आशादायक लिहावे."

मी आशादायक लिहू लागलो. त्यात मला हातोटीही होती. औषधाच्या रांगेत उभी राहिलेली चाळीस माणसे माझ्या पत्रात वचन ऐकणारी चाळीस माणसे होत. करुणा चुलीपाशी बसून वाचून बघे आणि म्हणे, "ही माणसं कुठं राहतात हो? मला कधी दिसली नाहीत." मी हसण्यावारी नेई.

मग तिला दिवस गेले. तिकडे मोठे इस्पितळ लॉरीने दोन दिवसांच्या वाटेवर, आणि पावसात तीही वाट बंद. तिला ठाण्याला पाठवायला हवे होते. हे मला कळत होते. पण वर्ष पुरे व्हायच्या आत बायको परत पाठवली तर मंडळी काय म्हणेल, इतकी सुंदर पत्रे लिहिणाऱ्या माणसाला असे काय झाले, हा विचार आड आला. करुणाने हट्ट केला नाही. माझ्या पत्राच्या तळाशी तिने एवढेच लिहिले: "मार्थाबाईंना सांगावे, जुनी मऊ लुगडी असतील तर पार्सलात घालावीत. त्यांना कळेल."

जुनी मऊ लुगडी कशाला लागतात, हे आपल्याकडे कोणत्याही बाईला सांगावे लागत नाही. बाळाच्या दुपट्यांना दुसरे काही चालत नाही. भर सभेत वाचल्या जाणाऱ्या पत्रात याहून उघड लिहिणे तिला अवघड वाटले, आणि याहून उघड लिहिण्याची गरजही तिला वाटली नाही.

तीन टपाले आली. त्यांत लुगड्यांचा उल्लेख नाही. मग नाताळचे पार्सल आले. करुणाने ते माझ्या हातातून घेतले आणि तळापर्यंत उपसले. वर गीतांची पुस्तके, खाली कोऱ्या पांढऱ्या कापडाचा ताठ तागा, नाताळची चित्रे. तिने सगळे पुन्हा नीट घडी घालून ठेवले. "बाईंना कळलं नसेल का हो?" एवढेच ती म्हणाली. मी म्हटले, कामात असतील. यापेक्षा वाईट उत्तर मी आयुष्यात दिलेले नाही.

भर पावसात तिला ताप चढला. मूल मेलेले जन्मले. दोन दिवसांनी करुणाही गेली. मी कंपाउंडर होतो, आणि क्विनाइनची बाटली तळाला गेलेली होती, कारण औषधसाठा पुरेसा आहे असेही मीच एका आशादायक पत्रात लिहून बसलो होतो.

तिच्या मृत्यूचे पत्रसुद्धा मी मंडळीसाठीच लिहिले. "प्रभूने आपल्या दासीला विश्रांती दिली. कार्य जोमाने चालू आहे." ते पत्र वाचले गेले त्या रविवारची हकीकत मला पुढे पाळकसाहेबांनी सांगितली. अब्राहामरावांनी शेवटपर्यंत वाचले. लोकांनी डोळे पुसले. गीत सुरू झाले. दुसऱ्या कडव्यावर मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "थांबवा जरा."

पेटी थांबली.

"या माणसाची बायको मेली आहे," बाई म्हणाल्या. "पत्रात तिच्यासाठी एक ओळ. कार्यासाठी पाऊण पान. हे यशवंतनं लिहिलेलं नाही, हे आपण त्याच्याकडून लिहून घेतलंय. मला सगळी पत्रं बघायची आहेत. आत्ता."

आमच्याकडे बाईमाणसाने उपासनेत असे उठून बोलायची पद्धत नव्हती. पण पाळकसाहेब स्वतः जाऊन कपाटाची किल्ली घेऊन आले. लोक घरी गेले. बाई बाकावर बसून एकेक पत्र वाचत राहिल्या आणि त्यांना ती ओळ सापडली. तिच्यावर पेन्सिलीची रेघ होती. अब्राहामराव समोरच उभे होते. ते म्हणाले, "बाई, मिशनरीची बायको जुनेरं मागते, हे चारचौघांत वाचणं मला बरं वाटेना. तिचा मान राखायला म्हणून गाळली."

बाईंनी ते पत्र घडी घालून टोपलीत ठेवले आणि त्या घरी गेल्या. त्याच दिवशी त्यांनी मला पत्र लिहिले.

मला जे पत्र आले त्याच्या माथ्यावर लिहिले होते, 'मंडळीत वाचायचे नाही.' खाली असे होते: "यशवंता, करुणाची ओळ मला आज मिळाली. मी तिला माहेर देऊ केलं आणि दाराला कडी कुणी घातली ते बघितलं नाही. दर महिन्याला पत्र ऐकत होते, टोपली भरली की खूश होऊन घरी जात होते. एकदाही विचारलं नाही की करुणा दोन शब्द का लिहीत नाही. यात अब्राहामरावांचा जेवढा दोष तेवढाच माझा. तुझाही आहे, तो मी कमी करणार नाही. आता मला खरं लिही. रडायचं असेल तर रड. शिव्या द्यायच्या असतील तर दे. परत यायचं असेल तर ये, स्टेशनावर मी येईन. पण मला पुन्हा असलं सुंदर पत्र पाठवू नकोस."

हे वाचून मी प्रथम संतापलो. दोन महिने उत्तर दिले नाही. मग एकदा बसलो आणि अकरा पाने लिहिली. त्यानंतर मला झोप लागू लागली.

बाईंनी इकडे नियमच बदलून टाकला. परदेशचे पत्र वाचायचे तर आख्खे वाचायचे, आणि ते त्याच वाचणार. शिवाय प्रत्येक टपालात त्यांच्या नावे एक वेगळे पत्र, जे कोणालाही दाखवायचे नाही. मंडळीला पहिला नियम मानवला नाही. आठ महिने कोणी वळले नाही, माणूस दमला आहे, बायकोच्या कबरीवर गवत वाढले आहे, असली पत्रे ऐकून टोपली निम्म्यावर आली. दोन घरांनी तर देणेच बंद केले. त्यातले एक गृहस्थ बाईंना म्हणाले, "रडगाणी ऐकायला का आम्ही रविवारी येतो?" बाई म्हणाल्या, "नाही, तुम्ही भोपळा घ्यायला येता. आज दुधी आहे." थट्टा झाली, पण त्या महिन्यात त्यांनी डोंबिवलीच्या तीन फेऱ्या केल्या, पायांना सूज असताना.

मदत कुठून यावी याचाही नेम नसतो. कोपरीत बाईंच्या शेजारी मिठागरावर काम करणारी एक म्हातारी राहते. तिचा आमच्या धर्माशी काही संबंध नाही. बाई दारात बसून पार्सल शिवीत होत्या तेव्हा तिने विचारले, "बाय, तुजे पोराला तिकरं मावरा मिलतं का नाय?" आणि फडक्यात बांधलेले सुक्या कोळंबीचे सोडे आणून दिले. तेव्हापासून माझ्या प्रत्येक पार्सलाला वास येतो. कस्टमचे लोक ते उघडायला फारसे राजी नसतात.

काही वर्षांनी मी रजेवर आलो. बाई म्हटल्याप्रमाणे स्टेशनावर आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला अब्राहामरावांकडे नेले. मला जायचे नव्हते. अब्राहामराव थकले होते, डोळ्यांनी दिसत नव्हते. माझा हात धरून ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "मंडळीच्या भल्यासाठी केलं रे, भल्यासाठीच." बाई त्यांना म्हणाल्या, "भल्यासाठीच. मीही त्याच बाकावर बसून ऐकत होते ना?" आणि त्यांनी अब्राहामरावांना स्वतःच्या हाताने पेज भरवली. मला ते जमले नसते. आजही जमणार नाही.

रजा संपत आली तेव्हा मी परत जाऊ का, असे बाईंना विचारले. मला वाटले होते, त्या कार्याबद्दल, हाकेबद्दल काही बोलतील. त्या शेंगा सोलत होत्या. "जायचं तर जा," म्हणाल्या. "पण मंडळीसाठी जाऊ नकोस. माझ्यासाठी तर मुळीच नको. आम्ही इथं शेंगा सोलणारे लोक. राहिलास तर तूही सोल, आमचाच आहेस." परदेशी माणूस पाठवणाऱ्या पुष्कळ मंडळ्या मी आता पाहिल्या आहेत. माणूस परत आला तरी आपलाच राहील, हे त्याला आधी सांगणारी व्यक्ती मला एकच भेटली.

मी परत गेलो. या वर्षी आमच्या शाळेची भिंत पडली. बाप्तिस्मा एकही नाही. दोन जण ऐकायला बसतात, त्यांतला एक बहिरा आहे. गौरवग्रंथाच्या संपादकांनी माझ्याकडे स्फूर्तिदायक मजकूर मागितला होता, तरी मार्थाबाईंच्या साठीनिमित्त लिहिलेल्या या मजकुरातली एकही ओळ त्यांनी गाळू नये, अशी त्यांना विनंती आहे.

बाईंना प्रभूने उदंड आयुष्य द्यावे, त्यांच्या पायांची सूज उतरावी, डोळे शाबूत राहावेत, ही सर्वांची प्रार्थना आहे आणि माझीही. माझ्या प्रार्थनेत मात्र स्वार्थ आहे. करुणाच्या शेवटच्या दोन दिवसांबद्दल मी बाईंनासुद्धा अजून सगळे लिहिलेले नाही. ती शुद्धीवर होती, आणि माझ्याशी काही बोलली होती. ते लिहायला मी दर वर्षी बसतो आणि कागद फाडून टाकतो. बाईंनी आजवर एकदाही विचारले नाही. ते पत्र माझ्याकडून लिहून होईपर्यंत आणि बाईंच्या हाती पडेपर्यंत त्यांनी जगलेच पाहिजे.