नावानेच परके

वसईहून निघालो त्या दुपारी पपा विमानतळावर आले नाहीत. वाडीच्या फाटकाशीच थांबले. म्हणाले, "परक्यांत चाललायस. अडीनडीला आपला कुपारी शोध." कुपारी हे आमच्या लोकांचं नाव. मुलाचा बाप आणि बाप्तिस्म्याला मुलाची जबाबदारी घेणारा धर्मपिता एकमेकांना ज्या पोर्तुगीज शब्दाने हाक मारत, त्यावरून ते आलं असं सांगतात.

सिडनीत, टूनगॅबीला, आमची अडीनड भागवली शेजारच्या गॅरेथने. चाळिशी उलटल्यावर आम्हाला मूल होणार होतं. माझ्या बायकोला, लीनाला, सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या तेव्हा मी शिफ्टला होतो. गॅरेथने तिला हॉस्पिटलात नेलं, मी पोचेपर्यंत तो तिचा हात धरून बसला. मुलगी वाचली. बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून मी त्याचंच नाव दिलं. तोही कॅथलिक, आमच्याच चर्चचा.

पपांना फोनवर सांगितलं. "परका माणूस धर्मपिता? मग मला विचारतोस कशाला?" त्यानंतर त्यांनी फोन उचललाच नाही. त्यांच्या आशीर्वादाशिवाय आमच्या घरात आजवर कुणाचा बाप्तिस्मा झालेला नाही.

शेवटी कुंपणापाशी गॅरेथला सगळं सांगून टाकलं. तो हसला. "मेट, मी वेल्श. आमचं नावच परके!" इंग्रजांचे जर्मॅनिक भाषा बोलणारे पूर्वज ब्रिटनमध्ये आले आणि तिथे आधीपासून राहणाऱ्यांना त्यांनी 'परके' म्हटलं. वेल्श हा तोच शब्द, त्यांच्या मुलखाचं वेल्स हे नावही त्यातलंच. "मागून आले ते, आणि परके आम्ही." ऐकीव गोष्ट मी धरून चालत नाही. दोन कोश पाहिले. खरं निघालं. ते लोक स्वतःला मात्र 'कम्री' म्हणतात. अर्थ, एका मुलखातले, आपले. न्यू साउथ वेल्स हा पत्ता मी इतकी वर्षं लिहितोय, पण कधी विचार केला नव्हता.

हे सगळं बोलून रेकॉर्ड केलं आणि आईच्या फोनवर पाठवलं. उत्तर आलं नाही.

बाप्तिस्म्याच्या रविवारी चर्चमध्ये व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आई, शेजारी रिकामी खुर्ची. बाळ गॅरेथच्या हातात. लीना माझ्याकडे बघेना. "फादर, एकच मिनिट," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

मग पपा येऊन बसले. चष्मा लावून त्यांनी गॅरेथला निरखलं.

"काय रे कुपारी, पोरीची मान नीट धर."

"काय म्हणाले?" गॅरेथने विचारलं.

"मान नीट धर म्हणाले."

"आणि तो पहिला शब्द?"

"कम्री," मी म्हणालो.

आता आमच्या दोन घरांमधल्या कुंपणाची एक फळी काढून ठेवलीय, ये-जा करायला. कुणी घर कुठलं विचारलं की मला वाडीचं फाटक आठवतं, आणि त्याच्याबरोबर ही फटही.