रिठ्यानं धुतलेलं कार्ड

माझी धाकटी बहीण पवित्रा हुपरीला दिली, तेव्हा गडहिंग्लजच्या आमच्या घरात एकाच गोष्टीचा आनंद होता: पोरीच्या पायाला आता चांदी कमी पडणार नाही. पोरीच्या हाताला तिथं काय मिळणार, हे कुणी विचारलं नाही. आणि तिचा हात म्हणजे काय सांगावं. रांगोळी ठिपक्यांशिवाय काढायची, आणि पुसून पुन्हा काढली तरी रेघ न रेघ तीच उतरायची. मी तिचा थोरला भाऊ महांतेश. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. तापट म्हणून माझं नाव झालंय आणि ते खोटं नाही. पण बहिणीचं कौतुक मी मोकळ्या तोंडानं करतो, ऐकणाऱ्याला कंटाळा आला तरी.

तिच्या सासरी खालच्या मजल्यावर पैंजणांचा कारखाना. सासरे बसाप्पामामा व्यापाऱ्यांना मालाचा शब्द देणार, नवरा शशिधर चांदी आटवणार, आणि घरातल्या बायका घुंगरू ओवणार. हुपरीत घराघराची आपली छाप असते. यांच्या प्रत्येक पैंजणाला आकडीजवळ एक बारीक चकती, आणि तिच्यावर बसाप्पांच्या नावातला ‘ब’ ठोकलेला. माल घरचा, छाप घरची, पण नक्षी मात्र बाहेरची. बाजारात कुठली तरी नवी जोडी यायची आणि अख्खं गाव तिच्यावरून माल काढायचं. पवित्रा ओवता ओवता हे बघत होती. एक दिवस तिनं सासऱ्यांना विचारलं, “मामा, आपली नक्षी आपणच का काढू नये?”

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ते म्हणाले, “काढ की. कोन नगं म्हनतंय?” त्यांना वाटलं, पोर कागदावर चार फुलं काढेल आणि गप्प बसेल.

पोर गप्प बसणारी नव्हती. एसटीनं कोल्हापूरला येऊन ती क्लासमध्ये दागिन्यांचं डिझाइन शिकली. माझ्या दुकानातल्या जुन्या भागांतून मी तिला एक कॉम्प्युटर जोडून दिला, तो तिनं कारखान्यातच एका कोपऱ्यात मांडला. त्याच्यावर तिनं एक पैंजण काढलं. उसाच्या तुऱ्यासारखी झुकलेली पाती, आणि प्रत्येक पात्याच्या पोटात एक घुंगरू. मी पाहिलं आणि खुर्ची ओढून पुन्हा पाहिलं.

अडचण एकच होती. पैंजण स्क्रीनवर फिरवायला गेलं की कॉम्प्युटर धापा टाकायचा. साखळी पुढं जायची, घुंगरं मागं राहायची, आणि मग सगळंच थिजायचं. बसाप्पामामांनी हा तमाशा दोन-चारदा बघितला आणि निकाल देऊन टाकला. “लगीनसराईच्या आधी हैदराबादचा व्यापारी येतोय. त्याला ह्येच्यावर दाव. पसंत पडलं तर साचा करू. न्हाई तर ह्यो डबा माळ्यावर आनि तू घुंगरं ववायला. चांदी हातात घिऊन बघायची असती, पोरी. काचंतनं बघून कोन घेतंय?”

पवित्रानं मला फोन केला. “अण्णा, जरा फिरेल असं काहीतरी कर. बाकीचं मी बघते.”

हे साल दोन हजार पाच. माझ्या एका गिऱ्हाईकानं नवीन मशीन घेतलं होतं आणि त्याचं ग्राफिक्स कार्ड माझ्याकडंच राहिलं होतं. पवित्राच्या कॉम्प्युटरच्या खाचेत बसणारं, स्वतःचा पंखा असलेलं चांगलं दणकट कार्ड. दुकानात लावून बघितलं, झकास चाललं. तेवढं धुळीनं माखलं होतं आणि त्याचे खाचेत शिरणारे सोनेरी दात काळपट पडले होते. दात खोडरबरानं घासले की झालं, म्हणून मी ते तसंच घेऊन व्यापारी यायच्या आदल्या दिवशी हुपरी गाठली. वीज गेलेली होती. कार्ड कारखान्यातल्या टेबलावर ठेवलं, शेजारी खोडरबर ठेवलं, आणि बहिणीच्या आग्रहावरून वर जेवायला गेलो.

खाली आलो तर टेबलावर नुसतं खोडरबर.

“मामा, इथलं कार्ड कुठं गेलं?”

“धुतलं की,” बसाप्पामामा म्हणाले. “लई मळकं व्हतं, पावणं.”

रिठ्याच्या पाण्यात, पितळी ब्रशनं, जसं पैंजण उजळतात तसं. आणि पैंजणासारखंच सुकायला म्हणून लाकडाच्या भुशात पुरून ठेवलेलं. मी वर काढलं तर दात लखलखत होते आणि पंख्यात ओला भुसा गच्च बसला होता.

माझं डोकं फिरलं. “मामा, हे कार्ड हाय, पैंजण न्हवं! बोट लावायच्या आधी इचारायला काय झालं?” यापुढंही मी बरंच बोललो. बहिणीच्या सासऱ्याशी कुणी असं बोलत नाही.

मामांचा चेहरा उतरला. “आमच्या घरातनं मळकी वस्तू पावण्याम्होरं जात न्हाई,” ते हळू म्हणाले. “उद्या पोरीची वस्तू त्यो बघनार. म्हनून धुतली.”

पवित्रानं सासऱ्यांकडं पाहिलं. कॉम्प्युटर माळ्यावर टाकायला निघालेल्या माणसानं ‘पोरीची वस्तू’ म्हटलं होतं. तिला ते माझ्याआधी कळलं. “अण्णा, तू वर जाऊन ताक पी,” ती म्हणाली. “मामा, तुमची फुंकणी द्या.”

ज्या फुंकणीनं सोनार डाग देताना, म्हणजे जोड सांधताना, ज्योत वळवतात, तीच घेऊन पवित्रा कार्डाच्या फटीफटीतून फुंकत राहिली. पंखा सोडवला, भुशाचा कण न कण काढला. साध्या पाण्यानं रिठा घालवून कार्ड सुपात ठेवलं आणि गच्चीवर उन्हाला नेलं. वाळल्यावर भिंग लावून ती कार्डावरच्या चिपांचा एकेक बारीक पाय बघत गेली. दोन पायांच्या मध्ये पितळी ब्रशचा एक केस अडकला होता. मी बघितलं असतं तर मला दिसला नसता. तिनं चिमट्यानं तो उचलला आणि मामांच्या तळहातावर ठेवला.

संध्याकाळी वीज आली. मी कार्ड खाचेत बसवलं आणि बटण दाबलं. बीप झाला, एकच, म्हणजे सगळं ठीक. पडदा उजळला. कार्डाचं सॉफ्टवेअर टाकून झालं आणि पवित्रानं माउस हलवला. पैंजण फिरलं. पातं न पातं, घुंगरू न घुंगरू, सगळं बरोबरीनं, पाण्यात सोडल्यासारखं.

“आता कुठंच थांबंना की,” शशिधर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. पडद्यासमोर बसला, उजवीकडून बघितलं, खालून बघितलं, आणि नकळत बोट पुढं केलं. “ये डिझाइन कहाँ का है?” त्यानं विचारलं.

पवित्रा तोंड उघडणार तेवढ्यात बसाप्पामामा आपल्या हुपरीच्या हिंदीत म्हणाले, “कहीं का नहीं, सेठ. हमारे सून का है. फिराव गं पोरी, मागनं बी दाव त्यास्नी.”

व्यापाऱ्यानं साचा करायला सांगितला.

पुढं कधीतरी दुपारी बसाप्पामामा माझ्या दुकानात आले. गिऱ्हाइकं होती, तरी त्यांनी आवाज बारीक केला नाही. कागदाची पुडी उघडून टेबलावर ठेवली. उसाच्या तुऱ्याची पाती, पोटात घुंगरू. पहिली जोडी. “तुमच्या घरात न्या,” ते म्हणाले. “आनि आकडीजवळ बघा.”

मी दुरुस्तीचं भिंग लावलं. चकतीवर ‘ब’ नव्हता. तिथं ‘प’ ठोकलेला होता.

मामा उठले, चप्पल घातली आणि दारातून मागं वळून म्हणाले, “ही रिठ्यानं धुतली तर चालती, पावणं.”

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. मला हसता आलं नाही. भिंग अजून डोळ्यालाच होतं.