वाटचं रडणं

फोर्ट पोर्टल शहराजवळच्या निराधारांच्या आश्रमात सिस्टर लेओकादिया आंधळ्या न्याकातो आजीला पेज भरवत होती, तेवढ्यात गावाहून आई गेल्याचा निरोप आला. तिने मान हलवली आणि पुढचा चमचा उचलला. आजवर कितीतरी बेवारस म्हाताऱ्यांना तिने आपल्या हाताने न्हाऊ घालून मूठमाती दिली होती. प्रत्येकासाठी रडली होती. आज मात्र आत काहीच हललं नाही.

“अगं पोरी, आई गेली ना तुझी? रड की!” न्याकातो म्हणाली.

“रडूच येत नाही, आजी.”

“मग सरक. तुझ्या वाटचं मी रडते. माझ्याच वयाची असेल ती.”

म्हातारीने खरंच गळा काढला. लेओकादियाने तिचे डोळे पुसले आणि ती पलीकडच्या खाटेकडे वळली.