आण्णांच्या समोरचा लोड

आण्णांनी मला फसवलं. राजारामपुरीत वीस वर्षं गाद्या विकतोय, पण घासाघीस करून माझ्याकडून कुणी साधी उशी फुकट नेलेली नाही. मला फसवणारा एकच माणूस निघाला, आणि तो माझ्याच गाद्यांच्या मध्ये बसून सफरचंद खात होता.

आण्णा मूळचे कुरुंदवाडचे. उमेदीची वर्षं त्यांनी रिक्षाला कर्णे बांधून पुकारा करण्यात घालवली. सर्कशीचा, साड्यांच्या सेलचा, एकदा तर हरवलेल्या म्हशीचा. साठी उलटल्यावर त्यांना कळलं की आता जाहिरातीला आवाज द्यायचा तर आधी मोबाईलवर नमुना वाचून पाठवावा लागतो, त्याला ऑडिशन म्हणतात. घरामागे पिठाची गिरणी, म्हणून ते माझ्या दुकानात आले. उभ्या गाद्यांच्या मध्ये शिरून त्यांनी एक टाळी वाजवली आणि कान लावून बसले. "हितं आवाज घुमत न्हाय मालक. जागा द्या." मी बोलणी केली. रोज तासभर गाद्या, त्याबदली अर्धा तास रिक्षातून माझ्या दुकानाचा पुकारा. ते लगेच हो म्हणाले. तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

मग त्यांचे नियम सुरू झाले. पंखा बंद, गिऱ्हाईक घामाघूम झालं तरी बंद. वाचण्याआधी सफरचंदाच्या दोन फोडी, म्हणजे तोंड चिकट वाजत नाही. मोबाईल तोंडासमोर न धरता जरा कडेला, म्हणजे 'फ' म्हणताना फुंकर बसत नाही. सुरुवातीला फक्त नाव सांगायचं असतं, पण आण्णा कोर्टात उभं राहिल्यासारखं "राहणार कुरुंदवाड, तालुका शिरोळ" जोडायचेच. मजकूर दोनदा वाचायचा, दोन्ही वेळा वेगळा. पशुखाद्याच्या एका ऑडिशनला दुसऱ्या वाचनात मागून गिऱ्हाईकाशी घासाघीस करणारा माझा आवाज आला, "एवढ्यात उशीची खोळसुद्धा येत न्हाय." आण्णांनी ते तीनदा ऐकलं आणि माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. मला वाटलं, रागावले.

सगळ्यात मोठा नियम असा, की जगाला उद्देशून बोलायचं नाही, एका माणसाला बोलायचं. त्यासाठी त्यांनी एका लोडाला टोपी घालून समोर बसवलं होतं. त्याला ते पावणं म्हणायचे. साबण असो, पशुखाद्य असो, सगळं त्या लोडाला समजावून सांगायचे. मी तो लोड विकला. गिऱ्हाईकानं चांगला भाव दिला, टोपीसकट. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी नवी टोपी घेऊन आले. "लोड इकलासा न्हवं? आता तुमी बसा."

चूक माझी होती, म्हणून बसलो. आठ दिवस. लोडानं बोलायचं नसतं, त्यामुळं मीही गप्प. गडहिंग्लजचं एक गिऱ्हाईक आलं. मी बोटांनी भाव सांगितला, त्यानं मान हलवली, मी डोळे वटारले. सौदा झाला. इतका चांगला भाव मला बोलून कधी मिळाला नव्हता.

नवव्या दिवशी आण्णा वेगळेच दिसले. शहरातल्या बसमध्ये थांबे सांगायला आवाज हवा होता. या एका कामात त्यांचा जीव अडकला होता. "मी गेल्यावरबी कोल्हापुरात कुठं उतरायचं ते मीच सांगणार," असं ते वर्षभर म्हणत होते. त्या दिवशी त्यांनी माझ्या डोळ्यांत बघून वाचलं, "पुढचा थांबा, राजारामपुरी." एवढंच. पण मला वाटलं, आपण लांबून दमून आलोय आणि घरातलं कुणीतरी दार उघडतंय. मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. आवाजाची पातळी तपासायचीय, नाव-गाव सांगून काहीतरी वाचा, म्हणाले. उकाड्यानं माझं डोकं फिरलं होतं. मी नाव सांगितलं, थांबा वाचला आणि वर म्हणालो, "उतरा आता, दारात उभारू नका."

काम मला मिळालं.

फोन आल्यावर मी त्या लोकांशीच भांडलो. चूक झालीय, आण्णांना घ्या म्हणालो. ते म्हणाले, आण्णांचा नमुना आलेलाच नाही. मी तणतणत गाद्यांमध्ये शिरलो. आण्णा फोड चावत होते. "मालक, माझा आवाज ऐकून लोक बसून ऱ्हातील," ते म्हणाले. "तुमचा ऐकून उतरतील. बसला उतरणारी माणसं लागत्यात."

गेल्या साली आण्णा गेले. त्यांच्या लेकीनं मोबाईल माझ्याकडं आणून दिला, त्यातलं मला कळेल म्हणून. सगळी ऑडिशनं आहेत, प्रत्येकात तालुका शिरोळ आहे. त्या दिवसाची मात्र एकच नोंद, माझी. म्हणजे स्वतः वाचताना त्यांनी बटण दाबलंच नव्हतं. ते वाचन कुणाला पाठवायचं नव्हतं. ते समोरच्या लोडासाठी होतं.

आता बसमध्ये माझाच आवाज माझ्यावर खेकसतो आणि मी मुकाट्यानं उतरतो. आण्णा, घरी आल्यासारखं वाटायला लावणारा तो आवाज तुम्ही कोल्हापूरला दिला नाहीत, मला एकट्याला ऐकवून गेलात. का? मला जाब पाहिजे. टोपी घालून समोर बसलोय, बोला.