बिबट्या हाक मारत नाही

आमच्या हिच्या मामांइतका भित्रा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय हे मला ठाऊक आहे, पण मामांना त्या नव्या नावाचीसुद्धा धास्ती आहे. जुन्या नावानं निघालेली पत्रं आता कुठं जाऊन पडत असतील, या काळजीनं त्यांची झोप उडाली होती. कित्येक वर्षांत विजेच्या बिलाशिवाय त्यांच्या दारात एक कागद आलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

भित्री माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. मी स्वतः सासूबाईंना भितो. पण आपण भितो ते चोरून. मामा भितात ते उघड, रीतसर आणि पूर्ण तयारीनिशी. एसटीत चढण्याआधी ते ड्रायव्हरचे डोळे बघतात, झोप पुरी झालीय का म्हणून, आणि शंका आली तर तोंडावर विचारतात. श्रीरामपूरच्या स्टँडवर एक ड्रायव्हर "न्हाई झाली, तुमी चालवता का?" म्हणाला, तर मामा खाली उतरून मागच्या गाडीनं आले. ती गाडी वाटेत बंद पडली. पुण्याच्या दवाखान्यात लिफ्ट नको म्हणून जिन्यानं चढत गेले, आणि ज्याला बघायला गेले होते त्या पेशंटनंच उठून त्यांना पाणी पाजलं. घराला कुलूप लावलं की आधी स्वतः ओढून बघतात, मग मला ओढायला लावतात. का, तर म्हणे, "माझा हात कुलपाच्या वळखीचा झालाय, जावईबापू. परक्या मानसाला ते खरं सांगतं."

भुताखेतांचं तर विचारूच नका. भूत हा शब्द ते तोंडाला लावत नाहीत, 'पलीकडची मंडळी' म्हणतात. व्याह्यांबद्दल बोलावं तसं. नदीकडच्या चिंचेखालून जायचं तर चपला आपटत आणि खाकरत जातात. "कोन चाललंय ते त्यास्नी कळाय नगं का? आपून एकदम गेलो तर दचकतील बिचारी." एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो मामा, भुतं कशाला दचकतील?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की कुणाच्या तरी मयतीला जाऊन हसल्यासारखं मला वाटलं.

आणि दिवेलागणीला बाहेरून हाक आली तर ओ द्यायची नाही, हा त्या घरचा कायदा. तिन्हीसांजेला हाक मारणारा माणूसच असेल याची खात्री काय? मी स्वतः हातात आंब्यांची पिशवी घेऊन त्यांच्या दारात नरडं फाटेस्तोवर ओरडलोय, आणि आत दोघं नवराबायको दिवा लावून चिडीचूप. शेवटी मी नगरला हिला फोन लावला, हिनं मामांना लावला, तेव्हा कुठं कडी निघाली. जावयाचा मान म्हणतात तो हाच.

तेव्हा अशा माणसाचा फोन आला, "जावईबापू, मागची भित वाढवायचीय, पंचायतीत तुमी बरूबर पायजे," तेव्हा मला काही नवल वाटलं नाही. मामांचं घर बेलापूरच्या पुढं एका खेड्यात, पार शेवटाला. मागं परस, परसाला छातीइतकी विटांची भिंत, आणि भिंतीला लागून शेजारच्या चाचांचा ऊस. उसात बिबट्या आहे हे सगळ्या गावाला ठाऊक. मी म्हटलं, चला, उभ्या आयुष्यात मामा एकदा तरी खऱ्या गोष्टीला घाबरले.

पंचायतीत ग्रामसेवकानं सगळं नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "बाबा, दोन पुरुष उंच भिंत घालायची तर अशी घालता येत नाही. परवानगी लागेल, शेजाऱ्याची हरकत नाही असं लागेल, ग्रामसभेपुढं ठेवावं लागेल. कारण काय लिहू? बिबट्या?"

"बिबट्या न्हाई," मामा म्हणाले.

"मग चोर लिहितो."

"चोर येतो, साहेब. हे येत न्हाई. हे बोलावतं."

ग्रामसेवकानं पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "मामा, बिबट्या लिहू द्या की! काय बिघडतंय?"

"बिबट्या हाक मारत न्हाई," मामा म्हणाले. "सरकारी कागदावर खोटं कसं लिवायचं?" या मुद्द्यावर ते हटेनात. शेवटी ग्रामसेवकानं 'सुरक्षेकरिता' असं लिहिलं आणि आमची सुटका केली. च्यायला, या वयात मला हे काय लोढणं, असं मनात म्हणत मी त्यांच्यामागून घरी आलो.

ओट्यावर बसल्यावर त्यांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. मामींचं विसरणं वाढलंय हे आम्हाला माहीत होतं. चहात मीठ पडायचं, आणि मला त्या कधी जावई म्हणायच्या, कधी तलाठी. पण गेल्या दिवाळीपासून निराळंच सुरू झालं होतं. दिवेलागणीला त्या हातातलं काम टाकून मान वर करायच्या, "आले गं" म्हणायच्या आणि बाहेर चालू लागायच्या. मामांनी पुढच्या दाराला दोन कुलपं घातली. तर मामी बादली पालथी घालून मागची भिंत चढून गेल्या! जिला देवळाची पायरी चढायला दोन माणसं लागतात, ती बाई.

"चाचांनी उसातनं आनली," मामा म्हणाले. "एक डाव न्हाई, कितीदा तरी. जावईबापू, एक दिस ही जाईल आन मला घावायची न्हाई. तिथं बिबट्या हाय, पानी हाय. माझं हिच्याबिगर कोन हाय?" त्यांना इतकं खरंखुरं घाबरलेलं मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि माझी सगळी चिडचिड कुठल्या कुठं गेली.

चाचा तेवढ्यात भिंतीपलीकडून आले. ते आपल्या कामातला, कमी बोलणारा माणूस. हरकत नाही म्हणून सही करायला ते एका पायावर तयार होते. पण जाताना त्यांनी मला बाजूला घेतलं. "मामी उसात नुसत्या उभ्या नव्हत्या," ते म्हणाले. "चालत हुत्या. आन हात असा खाली सोडल्याला, मूठ अर्धी मिटल्याली. बारक्या पोराचं बोट धरावं, तसा." त्यांनी स्वतःचा हात तसा करून दाखवला आणि लगेच झटकला.

मी त्या दिवशी मुद्दामच थांबलो. भूत वगैरे काही नसतं, हे मामांना एकदा दाखवून द्यायचं होतं. दिवस बुडाला. मामी परसात तांदूळ निवडत होत्या, मामा माझं मनगट धरून बसले होते. वारा पडलेला, तरी उसाची पाती कडेकडेनं सळसळत होती, जणू कुणी बांधाबांधानं येतंय. मग भिंतीपाशी ती सळसळ थांबली. मामींनी मान वर केली.

"ओ!" त्या म्हणाल्या. "आले गं, हात धुते."

मला काही ऐकू आलं नाही. शपथेवर सांगतो, काही नाही. पण दारचा कुत्रा उठला. तो भुंकला असता तर मला बरं वाटलं असतं. तो भिंतीकडे गेला आणि घरचं माणूस आल्यावर हलवावी तशी शेपटी हलवू लागला. मामांनी धावत जाऊन मामींना मिठी मारली, आणि मी, ज्याला दाखवून द्यायचं होतं तो, बसल्या जागी थंड पडलो. मग पडवीतला दिवा लावायला मीच सगळ्यांच्या आधी पळालो.

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात भरली. मामींना घरी एकटं ठेवायची सोय नव्हती, म्हणून त्यांना बायकांत, नगरहून आलेल्या हिच्या शेजारी बसवलं होतं. पाण्याच्या टाकीवरून भांडणं झाली, रस्त्यावरून झाली, आणि मग सरपंचबाईंनी मामांचा अर्ज वाचला. "शेजाऱ्यांची हरकत न्हाई. आनखी कुनाची हाय का?"

"माझी हाय," मामी म्हणाल्या.

त्या उभ्या राहिल्या होत्या. पदर नीट घेतलेला, आवाज लख्ख. तलाठी कोण नि जावई कोण हे न उमगणारी बाई ही नव्हेच.

"आवं, भित वाढवू नगा," त्या मामांना म्हणाल्या, सगळ्या गावासमोर. "आत्ताच तिला चवड्यावर उभं ऱ्हावं लागतं. तवा कुटं तिचं डोळं वर येत्यात. आनखी वाढवली तर आमच्या मंदीला आतलं दिसायचं कसं?"

म्हाताऱ्या बायकांनी तोंडाला पदर लावले. मी हिच्याकडे पाहिलं. हिलासुद्धा काही ठाऊक नव्हतं. मामा-मामींना मूलबाळ नाही, एवढंच आम्ही जन्मभर ऐकत आलो. मंदी म्हणजे त्यांची तापात गेलेली लहानगी पोर, हे नंतर त्या म्हाताऱ्यांकडून कळलं; तिचं नाव त्या घरात इतकी वर्षं कुणी उच्चारलंच नव्हतं.

मामा मातीत खाली बसले. ग्रामसेवक हळूच म्हणाला, "बाबा, मग अर्जाचं काय करू?"

"फाडा," मामा म्हणाले.

त्यांना सगळं आधीपासून माहीत होतं का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही. परतीच्या वाटेवर त्यांनीच सांगितलं. "ही 'आले गं' म्हनायची तवाच मला कळलं हुतं. आईनं लेकराला जसं म्हनावं तसंच म्हनती. पन जावईबापू, हिला ती बोलावती आन मला न्हाई, हे मी कुनाला सांगू?"

महिन्याभरानं आम्ही दोघं परत गेलो. मागच्या परसात पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबलो. भिंत उतरवलेली होती. वरचे थर काढून विटा कोपऱ्यात रचलेल्या, आणि आता ती जेमतेम कमरेला लागत होती. ज्या माणसाला जुन्या पत्रांची भीती वाटते, एसटीची वाटते, कुलपाची वाटते, त्यानं उसाच्या बाजूची, बिबट्याच्या बाजूची, त्या पलीकडच्या मंडळींच्या बाजूची भिंत आपल्या हातानं खाली आणली होती.

"मामा, हे काय केलंत?" मी म्हटलं.

"किती दिस चवड्यावर उभी ऱ्हाईल?" ते म्हणाले. "पाय दुखत असतील तिचं. मी हिला म्हनलं, तू जाऊ नगस, तिलाच आत बोलव."

"मग?"

"मग काय, ही आता कुटं जात न्हाई. ती येती म्हनं. ही जेवती पोटभर. तिच्यासाठी दूधभात काढून ठेवती." मामांनी आवाज खाली आणला. "मला काय दिसत न्हाई, जावईबापू. मी नुसता बसतो."

दिवस कलला होता. मामी भिंतीपाशी पाट टाकून बसल्या होत्या, आणि शेजारी मामा. ही आत स्वयंपाकघरात उगीचच भांडी वाजवत होती; रडत होती, मला कळत होतं. उसाची पाती हलायला लागली. यावेळी मी पळालो नाही. पळावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू, पण मामा बसले असताना मी कसा पळणार?

उसाकडे बघत मामांनी विचारलं, "ती गेली तवा माझं केस काळं हुतं. अंगानं भरलेला हुतो मी. आता बघून मला वळखंल का हो ती?"

मी म्हटलं, "मामा, माणसाचा आवाज बदलत नाही. तुम्ही हाक तर मारून बघा."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. खाकरले. भिंतीकडे तोंड करून, शाळेतल्या पोरानं पहिल्यांदा कविता म्हणावी तितक्या भीत भीत, ते म्हणाले, "मंदे... ए मंदे..."

पाती हलायची थांबली. मग मामी हसल्या आणि त्यांनी मामांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लाजतीय," त्या म्हणाल्या. "आनखी एकदा मारा."